पायाळू दादाबरोबर नॉटिंगहॅमच्या शेतात

लंडनचा घड्याळाचा मनोरा, राजवाडा, मेणाचे पुतळे यांतलं मी काहीही पाहिलं नाही, हे आधीच सांगून टाकते. त्या आशेने कुणी वाचायला बसलं असेल तर उगाच वेळ जायला नको. मी इंग्लंडला गेले ती माझ्या थोरल्या भावाला कराडला परत आणायला. महिनाभर राहिले आणि त्यातले सगळे रविवार चिखलात उकिडवी बसून काढले.

दादा नॉटिंगहॅमला गेला तेव्हा मी कॉलेजात होते. तिथल्या सरकारी हॉस्पिटलात एक्स-रे काढायचं काम त्याने निवृत्त होईपर्यंत केलं. मूलबाळ झालं नाही. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली आणि तेव्हापासून दादा त्या घरात एकटा. फोनवर नेहमी एकच पालुपद, "मी बरा आहे." सत्तरी उलटलेला माणूस परक्या देशात एकटा बरा कसा असेल? आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं, आणायचंच त्याला. मागची खोली रंगवून घेतली, त्याचे गुडघे दुखतात म्हणून कमोड बसवून घेतला. माझ्या मुलाने, अमेयने, तिकिटं काढली. जाताना एक, येताना दोन. आमच्या ह्यांना थंडी सोसत नाही, म्हणून मी एकटीच निघाले. भूमी अभिलेख कार्यालयात उभी नोकरी काढलेली बाई मी, बांधावरून एकमेकांच्या जिवावर उठलेले भाऊ समोरासमोर बसवून चहा पाजलाय. एका भावाला विमानात बसवणं मला काय जड होतं!

नॉटिंगहॅम

दादाची गल्ली म्हणजे लाल विटांची चिकटून बसलेली घरं, सगळी एकसारखी. पहिल्या आठवड्यात मी दोनदा शेजाऱ्यांच्या दाराला किल्ली लावली. दोन्ही वेळा त्या घरातल्या बाईंनीच माझी माफी मागितली. त्यांची चूक काय होती ते मला अजून कळलेलं नाही, पण या लोकांच्या सौजन्याला मी तिथेच पहिला नमस्कार केला.

घर लख्ख होतं. दादाने पिठलं-भात केला होता आणि पिठल्यात एकही गुठळी नव्हती. मी पहिल्याच जेवणाला विषय काढला. "दादा, आता किती दिवस असं राहायचं?"

"बघू," दादा म्हणाला आणि मला अजून एक डाव भात वाढला.

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली मला एक यंत्र सापडलं. लांब दांडा, वरच्या टोकाला मूठ आणि एक छोटा पडदा, खाली जेवणाच्या ताटाएवढी काळी चकती. गालिचा साफ करायचं मशीन असणार असं समजून मी त्याची वायर शोधायला लागले.

"अगं, मेटल डिटेक्टर आहे तो," दादा म्हणाला. "जमिनीखाली धातू असला की वाजतो. संडेला जातो आम्ही, मी आणि जेफ."

"कुठे?"

"शेतात. एका बाईंच्या."

"त्या बाई काही म्हणत नाहीत?"

"म्हणतात ना. चहा घेणार का, असं म्हणतात."

माझा विश्वासच बसेना. आपल्याकडे शेजाऱ्याच्या बांधावर नुसती काठी रोवली तर कोयते निघतात. इथे परका माणूस येऊन खड्डे खणतो आणि मालकीण चहा विचारते!

मग मला आठवलं, दादा पायाळू. म्हणजे जन्माला येताना आधी पाय आले. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीतलं गुप्तधन दिसतं, अशी आमच्याकडे समजूत. दादा लहान असताना कुठकुठल्या गावची माणसं भगताला घेऊन दारात यायची, "पोराला एका रात्रीपुरतं द्या" म्हणायची. बाबा त्यांना शिव्या घालून हाकलायचे. एकदा तर त्यांनी पायातली वहाण फेकून मारली होती. आणि तोच पोरगा म्हातारपणी इंग्लंडात राजरोस, मालकिणीच्या परवानगीने, दिवसाढवळ्या गुप्तधन शोधतोय! मी हे बोलून दाखवलं तेव्हा दादा खो-खो हसला. वहिनी गेल्यानंतर त्याला असं हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पहिला रविवार, मेंढ्यांचं कुरण

शेत कुठे आहे ते लिहिणार नाही, तशी मला शपथ घातली आहे. चांगलं शेत कळलं की चोरटे डिटेक्टरवाले अंधारात येऊन उकरून जातात म्हणे. म्हणजे भगताची जात सगळीकडे आहे. नॉटिंगहॅमहून गाडीने गेलो एवढंच सांगते.

गाडी जेफची. जेफ म्हणजे दादाच्या समोरच्या घरात राहणारा, शहरातली बस चालवून निवृत्त झालेला, लालबुंद चेहऱ्याचा उंचापुरा गडी. मला बघताच म्हणाला, "एय अप, मी डक!" दादाने सांगितलं की इकडे माया दाखवायला सगळ्यांना बदक म्हणतात, अगदी बँकेतल्या साहेबालासुद्धा. मी बदक व्हायला हरकत घेतली नाही.

शेताची मालकीण जीन फाटकात उभी होती. साठीची, पुरुषी टोपी, हातात काठी. तिच्या कुरणातून एक पायवाट जात होती आणि त्या वाटेने कोण कुठली माणसं कुत्री घेऊन खुशाल चालली होती. मी विचारलं, ही तुमची भावकी का? जीन म्हणाली, नाही, ही लोकांची वाट आहे, पूर्वीपासूनची. कुणीही जावं, फक्त फाटक लावून घ्यावं. आणि खरोखर प्रत्येक माणूस फाटक लावून घेत होता! वहिवाटीच्या रस्त्यावरून आमच्या कचेरीत आजोबांनी लावलेले दावे नातवाने चालवलेले मी पाहिलेत. त्या फाटकापाशी मी बराच वेळ नुसती उभी होते.

मग शिकवणी सुरू झाली. दादाने मला माझ्या बांगड्या काढायला लावल्या, वहिनीचे रबरी बूट दिले, कानाला हेडफोन लावला. "लो अँड स्लो, कुंदा. चकती जमिनीला जवळजवळ टेकवून, हळू. झाडू मारतेस तशी नको, सारवतेस तशी." हे मला लगेच कळलं. लोखंड असलं की आवाज घोगरा येतो, चांदी-तांबं असलं की बारीक आणि गोड. जेफ म्हणाला, घोगरा आला तर पुढे जा, गोड आला तर थांब.

मी चार पावलं टाकली नाहीत तोच गोड आवाज आला. इतका गोड की जेफसुद्धा धावत आला. त्यांनी गवत तीन बाजूंनी कापून झाकणासारखं उलटवलं, माती एका फडक्यावर काढली. काही नाही. झाकण लावलं, पाय देऊन दाबलं. मी पुढे सरकले, पुन्हा तोच आवाज. पुन्हा खणलं, पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा जेफ म्हणाला, बहुतेक मोठा साठा आहे, आपण त्याच्या कडेकडेने फिरतोय. त्याचा आवाज कापत होता. मला तर डोळ्यांसमोर हंडे दिसायला लागले. मेंढ्यासुद्धा चरायच्या थांबून आमच्याकडे बघत होत्या.

एवढ्यात दादा मटकन खाली बसला आणि त्याने कपाळाला हात लावला. "कुंदा, जोडवी!"

बुटाच्या आत, दोन जोडी मोज्यांच्या आत, माझी चांदीची जोडवी होती. चकती पायाजवळ आली की ती बोलायची. आम्ही तिघं माझ्याच पायाभोवती खणत होतो.

दादाने जेफला समजावून सांगितलं. "काढायला सांग तिला," जेफ म्हणाला.

"नवरा जिवंत असताना?" मी म्हटलं. दादाने तेही समजावून सांगितलं. मला वाटलं आता हा हसणार. जेफ हसला नाही. त्याने मान डोलावली, माझ्या हातून मशीन घेतलं आणि दांडा ओढून लांब केला. चकती पायापासून दूर राहावी म्हणून! "नाऊ युअर हजबंड इज सेफ," तो म्हणाला. इंग्रज माणसाबद्दल माझ्या मनात जे काही आजवरचं राहिलं असेल ते त्या दांड्यापाशी संपलं.

त्या दिवशीची माझी कमाई म्हणजे दोन बीअरच्या डब्यांची झाकणं, एक पितळी बटण आणि बंदुकीच्या काडतुसाची बुडखी. दुपारी कुंपणाच्या आडोशाला जेवलो. जेफने चीज आणि कांदा घातलेले गोल पाव आणले होते, त्यांना इकडे कॉब म्हणतात. चव म्हणजे आजाऱ्याचं जेवण. मी माझ्या डब्यातली लसणाची चटणी त्यात भरून दिली. जेफच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्याने घोटभर चहा प्यायला आणि दुसरा कॉब पुढे केला.

मधले दिवस

आठवडाभर मी दादाला कराड सांगत होते. कृष्णामाईचा घाट, सकाळची भाजी, दाराशी येणारा दूधवाला, आजारी पडलास तर उशाशी बसायला माणसं. तो सगळं ऐकायचा, "हो गं, खरंय" म्हणायचा आणि सिंकमध्ये दात घासायच्या जुन्या ब्रशने एखादं मातकट बटण धूत बसायचा. मी चिडायचे. एवढ्या मोठ्या माणसाला बटणाचं काय कौतुक!

एकदा मी विचारलं, उद्या सोनं सापडलं तर? दादा म्हणाला, जुनं सोनं सापडलं तर कळवावं लागतं, चौकशी होते. पुढे काही मिळालं तर बहुतेक वेळा निम्मं शेतमालकाचं. चौकशी कोण करतं? "कोरोनर. म्हणजे अपघाती मृत्यूची चौकशी करतो ना, तोच." मी हात जोडले. सोनं हरवू नये आणि सापडूही नये, दोन्ही वाईट, असं आपल्याकडे म्हणतात. इंग्रजांनी तर ते खातं सरळ मर्तिकाच्या साहेबाकडेच दिलंय. आपल्याकडेही गुप्तधन कलेक्टरला कळवायचा कायदा आहे, पण माझ्या सगळ्या नोकरीत कळवायला आलेला माणूस मी पाहिला नाही. जेफ मात्र म्हणाला, त्याच्या ओळखीतल्या एकाने अंगठी कळवली आणि ती आता म्युझियमच्या काचेत आहे, खाली त्याच्या नावासकट. स्वतःची अंगठी सापडल्यासारखा त्याचा चेहरा फुलला होता.

तिसरा रविवार, धसकटं

दुसरा रविवार पावसात गेला, माझा बूट चिखलात रुतला आणि मी मोज्यावर उभी राहिले, याहून सांगण्यासारखं काही नाही. तिसऱ्या रविवारी ऊन पडलं. जीनचा गहू नुकताच निघाला होता, धसकटांवर सोनेरी उजेड होता, कुंपणाला ब्लॅकबेऱ्या लगडल्या होत्या. मी तोंड काळं होईपर्यंत खाल्ल्या.

आता हात बसला होता. दादा एका टोकाला, जेफ दुसऱ्या, मी मधे, जेफने माझ्यासाठी मागून आणलेलं तिसरं मशीन घेऊन. कानात नुसती जमिनीची बारीक खरखर. मग तो आवाज आला, स्पष्ट आणि गोड. माझा पाय चकतीपासून चांगला लांब होता. मी गुडघ्यावर बसून एकटीने खणलं. मातीच्या ढेकळातून करंगळीच्या टोकाएवढी काळपट टोपी निघाली, अंगावर बारीक ठिपके. शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान! जेफ म्हणाला, दोनेकशे वर्षं तरी असेल, कापणीला आलेल्या बायका दुपारी कुंपणाशी बसून फाटकं शिवायच्या. मी ते बोटात घातलं. बरोबर बसलं. कोण होती, काय शिवत होती, हरवल्यावर किती हळहळली असेल, कुणास ठाऊक. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अंगुस्तान मी जीनला दिलं, शेत तिचं म्हणून. तिने ते घातलं आणि दिवसभर काढलं नाही.

बाजूला बसून दादा पहिल्यांदा आपणहून बोलला. "मालती गेली ना, तेव्हा मी खिडकीत बसून असायचो, दिवस दिवस. जेफ रोज सकाळी बेल वाजवायचा. मी उघडायचो नाही. एकदा म्हणाला, पाठ दुखतेय, फावडं धरायला माणूस पाहिजे. त्याची पाठ दुखत नव्हती, कुंदा. पण मी आलो. इथे कानात हे लावलं की दुसरं काही ऐकू येत नाही. आणि मग बीप आला की वाटतं, अरे, अजून काहीतरी आहे."

मला भरून आलं, आणि मी काय करावं? त्या मऊ झालेल्या क्षणाचा फायदा घेतला. कचेरीतली सवय. "दादा, आता चल घरी. माझ्याबरोबर चल."

त्याने धसकटांकडे बघितलं. "येतो," म्हणाला. "तू म्हणतेस तर येतो."

संध्याकाळी मी कराडला फोन केला. मोहीम फत्ते! तिकडे सगळ्यांनी पेढे आणले.

शेवटचा रविवार

आदल्या आठवड्यात दादाने कपाटं आवरली, कपडे देऊन टाकले, एकदाही कुरकुर केली नाही. रविवारी म्हणाला, "जाऊ या ना, तुझा लास्ट संडे." शेतावर पोचल्यावर जेफने गाडीचं मागचं दार उघडलं. आत या वेळी दोनच मशीनं होती. जेफने स्वतःचं घेतलं, माझ्या हातात दादाचं दिलं.

"आणि तू?" मी दादाला विचारलं.

"आज तू फिरव. मी बघतो."

जीन डब्यातून केक घेऊन आली. जेफ केक खाता खाता माझ्याशी बोलत होता, दादा थोडा पुढे गेला होता. जेफ म्हणाला, विनने, म्हणजे आमच्या विनायकदादाने, बुधवारीच मशीन आणून दिलं. जेफने त्याला म्हटलं, तू परत येईपर्यंत सांभाळतो. तर दादा म्हणाला, वापर तू, मी येणार नाही. एवढं बोलून जेफने नाक शिंकरलं, वारा फार आहे म्हणाला. वारा नव्हता.

मी दादाकडे पाहिलं. तो रिकाम्या हाताने, कानाला काही न लावता, मान खाली घालून धसकटांतून हळूहळू चालत होता. हात मात्र हलत होता. डावीकडून उजवीकडे, सारवल्यासारखा.

कराडला आल्यावर हा काय करणार होता? आमच्या कुठल्याही शिवारात त्याने ही चकती फिरवली असती तर दिवस मावळायच्या आत सगळा गाव बांधावर आला असता. शेजारी म्हणाला असता मोजणी आणली, भावकी म्हणाली असती गुप्तधन, आणि पाठोपाठ पोलीस. माझ्याइतकं हे कुणाला ठाऊक? पहिला आठवडा नातेवाईक भेटून गेले असते. मग रंगवलेली खोली, टीव्ही आणि पुन्हा एक खिडकी. बेल वाजवायला जेफ नाही.

मी ढेकळं तुडवत दादापाशी गेले आणि मशीन त्याच्या हातात दिलं. "घे. तुझं तू फिरव."

"अगं, आता कशाला..."

"तू येत नाहीयेस. मी तुला नेत नाहीये."

दादाने मशीन छातीशी धरलं. "मला यायचं नव्हतं गं, कुंदा."

"मग बोलला का नाहीस? कपडेसुद्धा वाटून टाकलेस, तोंड नव्हतं?"

"कसं बोलू?" तो म्हणाला. "आई-बाबा गेले, आता माझंच घर तुझं माहेर. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आलीस आणि एकच गोष्ट मागितलीस. माहेरी आलेल्या बहिणीला रिकाम्या हाताने कसं पाठवू?"

मी भर शेतात रडले. मोठ्याने रडले, मला लाज वाटली नाही. जेफ आणि जीन पाठ फिरवून उगाचच कुंपण न्याहाळायला लागले. "अरे, मग साडी घ्यायचीस की!" मी ओरडले. "स्वतःलाच काय बांधून देतोस?"

दादा रडत होता आणि हसतही होता. त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, हेडफोन लावला आणि कुंपणाच्या कडेने चालायला लागला. जेफ त्याच्या मागे गेला. त्या दिवशी दोघांना मिळून एक वाकडा खिळा सापडला.

परत

सोमवारी दादा मला लेस्टरला घेऊन गेला. तिथे रस्ताच्या रस्ता साड्यांच्या दुकानांचा आहे. त्याने गुजराती दुकानदाराला शंभर साड्या उलगडायला लावल्या आणि मोरपंखी रंगाची, भरगच्च काठाची साडी घेतली. वहिनीच्या पद्धतीने घासाघीसही केली. विमानतळावर वाकून नमस्कार केला तर म्हणाला, "पुढच्या वर्षी ये. पेरणीच्या आधी."

घरी मी काहीच कळवलं नव्हतं. फोनवर वाद घालता येतो, समोर आलेल्या आईशी तेवढा घालता येत नाही. विमानात शेजारची जागा रिकामी होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं, आणि तरी दोनदा रडू आलं. खोटं कशाला बोलू, मला तो हवा होता. रोज सकाळी चहाला समोर हवा होता.

मुंबईच्या विमानतळावर अमेय मोठी गाडी घेऊन आला होता, मामाचं सामान जास्त असेल म्हणून. मी नवी साडी नेसून बाहेर आले. त्याने मला बघितलं, मग माझ्या मागे बघितलं, मग टाचा उंचावून त्याच्याही मागे.

"आई, मामा कुठाय?"

"शेतात गेलाय," मी म्हटलं आणि बॅग त्याच्या हातात दिली.